भरल्या पाइपाला आवाज नसतो

माझ्या साडूंनी मला एका शब्दात फसवलं. मालात नाही, मापात नाही, पैशात तर नाहीच. त्या तिन्हींत मला फसवणारा अजून वसई स्टेशनवर उतरायचा आहे. त्यांनी मला फसवलं ते भर पूजेत, हातात शिऱ्याचा द्रोण घेऊन, ठरल्यापेक्षा एक शब्द जास्त बोलून. लोक हसले, म्हणून ते पचलंही.

आधी माझं सांगतो. स्टेशनच्या पश्चिमेला माझं ड्रमचं दुकान होतं. निळे ड्रम, पांढरे ड्रम, पिंपं, टब, बादल्या. सुरुवात सायकलच्या कॅरियरला ड्रम बांधून दारोदार फिरण्यापासून केली होती. त्या वर्षांत वसईत इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि त्यांतले नळ मात्र शोभेपुरते भिंतीतून डोकावत होते. लोक फ्लॅटची किल्ली घ्यायचे आणि तिथून थेट माझ्याकडे ड्रम घ्यायला यायचे. घासाघीस व्हायची, आवाज चढायचे, कधी मी चिडून ड्रम उचलून परत आत नेऊन ठेवायचो. सौदा जमला की ड्रमवर एक मग फुकट द्यायचो. पण माझा शत्रूही एक गोष्ट कबूल करील: गळका ड्रम मी कधी विकला नाही. प्रत्येक ड्रम गिऱ्हाइकासमोर उन्हाकडे तोंड करून धरायचो आणि म्हणायचो, "आत बघ, कुठे उजेड दिसतो का." सातवीत शाळा सुटलेल्या माणसाकडे भांडवल काय, तर नाव. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं भांडण त्या नावाचं आहे.

साडू मी राहायचो त्याच इमारतीत, माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहायचे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेत नोकरी, खिशाला पेन, सोसायटीचे चेअरमन. मराठी इतकं नीटनेटकं की कोळिणीशी भाव करतानाही 'कृपया' म्हणायचे आणि म्हणूनच महाग मासळी घरी आणायचे. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो, ते मला शेठ. बँकेतला माणूस दुकानदाराला शेठ म्हणतो तेव्हा त्यात मान किती आणि चिमटा किती, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

आमच्याकडे पाण्याला वेळ नव्हती. आठवड्यात कधी तरी लाइनचं पाणी यायचं. एरवी गावातल्या होळी भागातल्या विहिरींवर भरलेले टँकर. लाइनचं पाणी यायच्या आधी पाइपात हवा यायची. आधी खोल कुठे तरी घळघळ, मग घर्रर्र, मग नळ खोकायचा, आणि मग पाणी. त्या आवाजाला सगळी इमारत कान लावून असायची. पाहुणा दारात उभा असला तरी यजमानीण आधी मोरीकडे धावायची आणि पाहुण्याला राग यायचा नाही, कारण त्याच्या घरीही हेच चालायचं.

अशा इमारतीत मी माशांची टाकी आणली.

हौसेने नाही, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. ते म्हणाले, रक्तदाब वाढलाय, राग कमी करा. मी म्हटलं, राग कमी करायचं औषध द्या. ते म्हणाले, घरात मासे पाळा, रोज थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसा. बायको म्हणाली, "मासे तुमच्याकडे बघून घाबरतील, त्यांचा वाढेल."

विरारला एक माशांचं दुकान बंद होणार होतं, तिथे गेलो. मला हवी होती टेबलावर मावेल एवढी टाकी. पण माणूस दुकान आवरायच्या घाईत आहे हे दिसल्यावर मला राहवेना. मी भाव पाडत गेलो, तो टाकी मोठी करत गेला. शेवटी पलंगाएवढी टाकी, तिचा लोखंडी स्टँड आणि स्टँडखाली ठेवायची आणखी एक टाकी, असा माल मी लहान टाकीच्या भावात उचलला. त्या खालच्या टाकीला तो सम्प म्हणायचा. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा होता. पाणी त्या कप्प्यात उतरायचं, पाइपातून सम्पमध्ये जायचं, तिथे गाळून पंपाने पुन्हा वर यायचं.

"आवाज करते का?" मी विचारलं.

"शेठ, चालू आहे. तुम्हीच ऐका ना," तो म्हणाला.

मी कान लावला. काही ऐकू आलं नाही. येणार कसं? शेजारी पिठाची गिरणी होती. त्याच्याशी बोलतानासुद्धा मी ओरडत होतो, आणि हे माझ्या लक्षात आलं ते टाकी टेम्पोत चढल्यावर. त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने माझ्यावर डाव टाकला, मी त्याच्यावर टाकला होता. बाजार आहे तो.

रविवारी दुपारी टाकी भरून चालू केली. इमारत जेवून आडवी झाली होती. पाणी कप्प्यात चढलं, थोडा वेळ सगळं शांत. मग पाइपाने एकदम ओढ घेतली. कप्पा घळघळ रिकामा झाला, तळाशी घर्रर्र अशी हवा ओढली गेली आणि पाइप खोकला. अगदी लाइनच्या पाण्यासारखा.

वरच्या मजल्यावर बादली आपटली. शेजारच्या वहिनी ओरडल्या, "पाणी आलं." जिन्यात पावलं वाजली, कोणीतरी पंपरूमच्या किल्लीसाठी हाका मारू लागलं. बघता बघता सगळ्या इमारतीचे नळ उघडले गेले आणि सगळे कोरडे निघाले. मी हॉलमध्ये माशांकडे बघत बसलो होतो. माझा रक्तदाब काय होता ते विचारू नका.

साडू बनियनवर खाली आले. टाकीभोवती एक फेरी मारली, वाकून सम्प बघितला.

"वा शेठ," ते म्हणाले, "माशांना ओव्हरहेड टाकी, अंडरग्राउंड टाकी. सोसायटीला एकही धड नाही."

"बसा, चहा घ्या," मी म्हटलं.

"पाणी आल्यावर घेऊ," ते म्हणाले आणि वर गेले.

हा प्रकार नंतर रोज व्हायचा. कधी पाइप दिवसभर गप्प राहायचा, कधी लागोपाठ खोकायचा. लोकांचे ड्रम रिकामे आहेत हे लोकांना रोज आठवू लागलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत इमारतीतल्या बऱ्याच जणांनी माझ्याकडून आणखी एकेक ड्रम नेला. यात माझा काय दोष? ढग आला म्हणून छत्र्या खपल्या, तर ढग छत्रीवाल्याने पाठवला असं कोणी म्हणत नाही. साडू मात्र म्हणाले. मुद्दाम नव्हे, गच्चीवरच्या मीटिंगमध्ये, सहज. "शेठचा मासा बोलला की शेठचा ड्रम विकतो," एवढंच. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात माझं नाव 'पाणी-आलं शेठ' पडलं. आठवड्याभरात ते दुकानापर्यंत पोचलं. एक बाई ड्रम उन्हाकडे धरून बघता बघता म्हणाल्या, "उजेड दिसत नाही हो, पण आवाज येतो का बघते." माझी आयुष्यभराची खूण त्यांनी माझ्याच तोंडावर फिरवली. फुकटचा मग द्यायचा विसरलो मी त्यांना. मुद्दाम विसरलो.

हळूहळू लोकांना सवय झाली. पाइप खोकला की म्हणायचे, मासे जेवतायत, झोपा. आणि मग एक दिवस खरंच पाणी आलं. घळघळ झाली, घर्रर्र झालं, नळ खोकले, आणि एक माणूस हलला नाही. आमच्या घरात तेवढे सगळे ड्रम भरले गेले, कारण बायकोला माशांचा खोकला आणि नळाचा खोकला वेगळा ओळखता यायला लागला होता. ती म्हणायची, माशांचा खोकला तुमच्यासारखा आहे, नुसता आवाज, मागून काही येत नाही.

त्याच संध्याकाळी साडूंच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. वर चहापुरतंही पाणी नव्हतं. थोरली मेहुणी कळशी घेऊन खाली आली, मान खाली घालून. मी तिला हवं तेवढं पाणी दिलं, स्वतः कळशी उचलून वर नेली. दारात साडू इस्त्रीच्या शर्टात उभे. त्यांनी भरलेल्या कळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्याकडे बरं भरलेलं असतं," ते म्हणाले.

मी भरली कळशी तशीच धरून उभा राहिलो, पाहुणे जिन्यात होते. पाहुणे गेल्यावर मात्र वर जाऊन दोन्ही घरांच्या बायकांसमोर जे बोलायचं ते बोललो. मुलगी पसंत पडली होती, घरात पेढे होते, आणि आम्ही दोघे पेढ्याची पेटी मध्ये ठेवून भांडत होतो. शेवटी मेहुणी म्हणाली, "अहो, तो पाइप तरी गप्प करा, नाही तर तुम्ही दोघे तरी व्हा."

त्यावर सौदा झाला. सोसायटीचा सत्यनारायण जवळ आला होता. त्याच्या आत मी पाइपाचा आवाज पूर्ण बंद करायचा, आणि साडूंनी पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर माझं नाव धुऊन द्यायचं.

"काय बोलाल ते आत्ता बोलून दाखवा," मी म्हटलं.

"म्हणेन, सगळ्यांचा गैरसमज झाला."

"सगळ्यांचा नाही, तुमचा. लोक नंतर हसले."

"बरं. म्हणेन, शेठनी मुद्दाम केलं नाही."

"मुद्दाम नको. मुद्दाम केलं नाही म्हटलं की चुकून केलं असं होतं."

"अहो, पाइप तुमचाच होता ना?"

"पाइप माझा, बदनामी तुमची."

अशी घासाघीस मी घाऊक बाजारातही केली नव्हती. एकेक शब्द ते पुढे करायचे, मी उजेडात धरून बघायचो आणि परत करायचो. शेवटी त्यांनी पेन काढलं, पेढ्यांच्या पेटीच्या झाकणावर ठकठक केलं आणि म्हणाले, "शेठचा हेतू शुद्ध होता. चालेल?"

"हेतू म्हणजे?"

"मनात होतं ते."

"आणि शुद्ध?"

"शुद्ध म्हणजे शुद्ध. तूप असतं तसं."

मला वाक्य आवडलं. गळका शब्द एकही नव्हता. "वाक्य पूर्ण म्हणायचं," मी बजावलं.

"पूर्ण म्हणेन," साडू म्हणाले. बायको पेढा खाता खाता त्यांच्याकडे बघत होती. नंतर ती म्हणाली की त्यांचं 'पूर्ण' तिला तेव्हाच जरा जास्त गोड वाटलं होतं. तेव्हा का नाही बोललीस विचारलं, तर म्हणते तोंडात पेढा होता.

मग मी पाइपाच्या मागे लागलो. आधी त्याच्या वरच्या टोकाला एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकडा तुकडा, बसवला, तोंड खाली करून. ओढ आणखी वाढली. मग एल्बोच्या डोक्यावर हवेसाठी बारीक भोक पाडलं. खोकला थांबला, पण आता पाइप अखंड गुरगुरू लागला, दाढ दुखणाऱ्या माणसासारखा. भोक मोठं केलं तर धबधबा, लहान केलं तर परत खोकला. पाइपाला गोणपाट गुंडाळलं, स्टँडखाली रबर घातलं. बायको म्हणाली, "आता त्याला स्वेटर तेवढा राहिलाय."

उत्तर सापडलं ते दुकानात. ड्रममधून नळी लावून मी लहान पिंप भरत होतो. ड्रम भरलेला होता तोवर नळी चूप. पाणी खाली गेलं, नळीच्या तोंडाशी हवा आली, आणि तिने तेच घर्रर्र काढलं. मी पाणी ओतायचो, नळी गप्प व्हायची. पाणी उतरलं की बोलायची. गिऱ्हाईक समोर ताटकळत होतं आणि मी ड्रममध्ये पाणी ओततोय, काढतोय. आवाज पाण्याचा नव्हताच. पाण्यात शिरणाऱ्या हवेचा होता. पाइप काठोकाठ भरलेला ठेवला तर हवेला जागाच राहणार नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो, आणि घरच्या पाइपाला लावायची मला सुचली नव्हती.

म्हणजे पाइपातून पाणी जोरात जाऊ द्यायचं नाही. खाली एक कॉक बसवून त्याला आवळायचं. पंप जेवढं वर टाकतो तेवढंच खाली जाईल, कप्प्यातलं पाणी पाइपाच्या तोंडावर चढून राहील, हवा आत शिरणार नाही. कामाला नायगावच्या खाडीकडचा एक प्लंबर बोलावला. बोलायला तिखट. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर. पन दुसरा पाइप पायजे."

"कशाला?"

"पयल्यात पान अडकलं, मासा अडकला, तर पानी कुठं जाईल? हॉलमधी. दुसरा पाइप जरा उंच ठेवायचा. कोरडा."

"ज्यातून पाणी जाणारच नाही तो पाइप मी का लावू?"

"शेठ, तुमी ड्रमाला झाकन देता. त्याच्यात कोन पानी भरतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानेही नजर हलवली नाही. मग आम्ही दोघांनी अर्धा तास कोरड्या पाइपाच्या भावावर भांडण केलं आणि दोघांचंही समाधान झालं. टाकीला तळाशी दोन भोकं होती. एकातून पाणी खाली जायचं, दुसऱ्यातून पंपाचं वर यायचं. पंपाची नळी काढून काचेच्या काठावरून घेतली आणि ते भोक कोरड्या पाइपाला दिलं. पाण्याच्या पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात जेमतेम बुडेल एवढंच सोडलं. जास्त खोल गेलं की सुरुवातीची हवा अडकून बुडबुडे काढत राहते.

मग कॉक. तो मात्र मीच फिरवला. जरा आवळला की पाणी कोरड्या पाइपात सांडायचं, जरा सैल सोडला की गुरगुर. केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे. मी तासन्‌तास स्टँडपुढे मांडी घालून बसायचो, एकदाही न चिडता. बायको म्हणाली डॉक्टरांनी सांगितलं होतं मासे बघा, तुम्ही पाइप बघताय, पण गुण येतोय. आणि एका सकाळी पाइप गप्प झाला. पंपाची बारीक घूं तेवढी. पाणी जात होतं, मासे फिरत होते, आणि हॉलमध्ये घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आमच्या हॉलमधलं घड्याळ टिकटिक करतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बायको म्हणाली, "बरं झालं. घरात एकाचा तरी आवाज बंद झाला."

सत्यनारायण खाली पार्किंगमध्ये होता. सांडोरहून केळीचे खुंट आणले होते, चारी कोपऱ्यांना बांधले होते. मी धुतलेला सदरा घालून पुढेच बसलो. आरती झाली, प्रसाद वाटला, सगळी इमारत द्रोण घेऊन उभी. साडूंनी आधी वर जाऊन माझ्या हॉलमध्ये टाकीला कान लावून खात्री करून घेतली होती. आता ते उभे राहिले, घसा साफ केला. अगदी पाइपासारखा.

"मंडळी," ते म्हणाले, "टाकीचा आवाज बंद झाला आहे, मी स्वतः ऐकून आलो. किंबहुना, ऐकू न येऊन आलो." लोक हसले. मीही हसलो. "या प्रकरणात एक गोष्ट मला सर्वांसमोर स्पष्ट करायची आहे. शेठचा हेतू शुद्ध…"

इथे त्यांनी शिऱ्याचा एक घास घेतला. सावकाश.

"…व्यापारी होता."

पार्किंग हसण्याने भरून गेलं. भटजीसुद्धा हसले. थोरल्या मेहुणीने पदर तोंडाला लावला. माझ्या बायकोने मान वळवली, पण तिचे खांदे हलत होते. मी द्रोण हातात धरून उभा होतो आणि मनातल्या मनात वाक्य तपासत होतो. शेठचा, आहे. हेतू, आहे. शुद्ध, आहे. होता, आहे. ठरलेला एकही शब्द कमी नव्हता.

गर्दी पांगल्यावर मी त्यांना केळीच्या खुंटाशी गाठलं.

"काय ठरलं होतं साडूभाऊ?"

"सगळे शब्द आले की नाही? त्याच क्रमाने."

"एक जास्त आला."

"अहो, कमी दिला असता तर तक्रार समजू शकतो," साडू म्हणाले. "जास्तीचा तर तुमच्याच दुकानातला रिवाज आहे. वर एक मग फुकट."

सौद्यात मी हात टेकले ती एकच वेळ. मी शब्दांचा भाव केला होता. दोन शब्दांमधल्या जागेचा करायचा राहून गेला होता, आणि हवा नेमकी तिथूनच शिरली.

पुढे वसईला पाणी नियमित येऊ लागलं. माझ्या ड्रममध्ये लोक तांदूळ भरू लागले, मग मीही दुकानात स्टीलची भांडी आणली. साडूंच्या मुलीच्या लग्नात मी राबलो, जेवणावळीला पाण्याचे ड्रम मीच पुरवले, आणि नवऱ्याकडचा एक म्हातारा मला म्हणाला, "तुम्हीच का ते पाणी-आलं शेठ?" टाकी अजून हॉलमध्ये आहे. पहिल्या पिढीतले मासे गेले, त्यांचे वारसही गेले, पाइप मात्र त्या सकाळपासून बोललेला नाही. माझ्याबद्दल बोलणारे अजून बोलतात.

आता साडू चेअरमनपद सोडत आहेत. नायगावला मुलाने टॉवरमध्ये घर घेतलंय, तिकडे जाणार. कमिटीने निरोप समारंभ ठेवलाय, त्याच पार्किंगमध्ये, आणि शाल-नारळ माझ्या हस्ते द्यायचं ठरवलंय. शाल मी स्वतः आणली, चांगली ऊबदार, दुकानदाराला रडवून. नारळही हलवून, पाणी वाजवून घेतलाय.

तर साडूभाऊ, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कृपया वगैरे म्हणायला नको. शाल माझ्या हातात असेल आणि तुमचा खांदा माझ्यासमोर. तेव्हा सगळ्या इमारतीसमोर मला त्या 'व्यापारी'चा जाब द्यायचा. कुठून आणलात तो शब्द, कोणाला विचारून मध्ये घातलात, आणि एवढी वर्षं तो माझ्या नावाला का चिकटू दिलात? उत्तर द्या, वाक्य ठरलं होतं तसं म्हणा, घास न घेता, एका दमात. मग शाल मिळेल. तोवर मी हात खाली करणार नाही, आणि माझे हात किती वेळ भरलेली कळशी धरू शकतात ते तुम्ही पाहिलेलं आहे.